समुद्रशेवाळ आणि कर्करोगाचा इलाज: आशा किती, खात्री किती?

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर दुधाची जी पांढरी, थंडगार वडी येते, ती चायना ग्रासने घट्ट होते हे आपल्या घरातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असते. पण चायना ग्रास हे गवत नाही आणि ते कुठल्या कुरणातही उगवत नाही. समुद्रातले तांबडे शेवाळ उकळून, गाळून आणि वाळवून ते तयार होते. शास्त्रज्ञ त्याला अगार म्हणतात. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघते, म्हणून ते हलाल आहे की नाही याची खात्री नसली की आपल्या भगिनी चायना ग्रासच पसंत करतात. म्हणजे समुद्रशेवाळ आपल्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षांपासून आहेच.

आता तेच शेवाळ वेगळ्या कारणाने आपल्या घरात येऊ लागले आहे. "समुद्री शेवाळाने कॅन्सर मुळापासून बरा होतो, केमोची गरज नाही," असे संदेश मोबाईलवर फिरतात. त्याच्या गोळ्या, कॅप्सूल आणि भुकटीचे डबे ओळखीपाळखीतून विकले जातात. आम्ही डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. पण पालक दाखला घ्यायला येतात तेव्हा घरचे आजारपणही सांगून जातात, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत या डब्यांबद्दल आम्हाला अनेकांनी विचारले. म्हणून हा विषय नीट समजून घेऊन वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. या संदेशात खरे किती आणि खोटे किती हे पाहायचे आहे. दोन्ही आहे, आणि खरे फार मोलाचे असल्यामुळेच खोटे इतके खपते.

"कापाकापीपेक्षा हे बरं नाही का?"

आमच्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीला छातीत बोराएवढी गाठ लागली. बोईसरमधल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिले, सोनोग्राफी केली आणि सुईने तुकडा काढून तपासणी करायला सांगितले. घरी चर्चा झाली. वडील कारखान्यात पाळीवर, घरात तीन मुले, त्यात कुणीतरी सांगितले की सुई लावली की गाठ पसरते. एका नातेवाइकाने शेवाळाच्या कॅप्सूलचे डबे आणून दिले. त्या बाई आम्हाला म्हणाल्या, "टीचर, कापाकापीपेक्षा हे बरं नाही का? समुद्रातलं आहे, कुदरती आहे. फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना?"

आम्ही तपासणी आधी करा असेच सांगितले. पण घरातल्या मोठ्यांचा शब्द चालला. चार महिने कॅप्सूल झाल्या. गाठ वाढली, काखेतही हाताला लागू लागली, तेव्हा पहाटेची गाडी पकडून मंडळी परळला गेली. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार असा इलाज झाला. अल्लाहच्या कृपेने आज त्या घरी आहेत, मुलांचे डबे भरतात, ठरलेल्या तारखेला तपासणीला जातात. पण सुरुवातीलाच आल्या असत्या तर इलाज छोटा झाला असता, असे तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. "पैसे गेले त्याचं काही नाही, महिने गेले," एवढेच त्या म्हणतात.

त्यांचा प्रश्न मात्र मूर्खपणाचा नव्हता. समुद्रातून कर्करोगाचे औषध मिळू शकते का? मिळू शकते. मिळालेही आहे. मग डब्यातल्या कॅप्सूलने का होत नाही? याचे उत्तर समजले तर पुढच्या वेळी कुठल्याही डब्याची पारख आपली आपण करता येईल.

शेवाळ म्हणजे काय

ओहोटीच्या वेळी चिंचणी, नांदगाव, वरोर किंवा वाढवणच्या खडकांवर गेलात तर पायाखाली हिरवे, बुळबुळीत असे काही लागते. कालवे आणि चिंबोऱ्या शोधणाऱ्या बाया त्यावरून सावकाश पाय टाकतात. तेच समुद्रशेवाळ. त्याला झाडासारखी खरी मुळे नसतात, फुले नसतात, बी नसते. खडकाला धरून राहायचे आणि पाण्यातून अन्न घ्यायचे. रंगावरून त्याचे तीन मोठे गट आहेत: हिरवे, तपकिरी आणि तांबडे. आपल्याकडे सहज दिसणारे पातळ हिरव्या पानासारखे शेवाळ म्हणजे उल्वा. कोकणात खाली रत्नागिरी-मालवणकडे खडक जास्त आणि पाणी स्वच्छ, तिथे सारगॅसमसारखी तपकिरी शेवाळे भरपूर. पावसाळा सरला की ती वाढू लागतात आणि थंडीत भरात येतात.

भारताच्या किनाऱ्यावर शेवाळाच्या सुमारे ८४४ जाती नोंदवल्या गेल्या आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. धारगळकर, डॉ. उंटवाले आणि डॉ. जगताप यांनी केली आणि पूर्वीची व आताची स्थिती सांगणारा त्यांचा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच संस्थेतील सोलिमाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरील हिप्निया या तांबड्या शेवाळातल्या कॅराजिननचा अभ्यास प्रसिद्ध केला. आइस्क्रीम आणि टूथपेस्ट दाट करायला जो पदार्थ लागतो, तो हा कॅराजिनन. शेवाळ हा आपल्या शास्त्रज्ञांनी दुर्लक्षिलेला विषय नाही, हे यावरून कळावे.

शेवाळात औषध असावे असे शास्त्रज्ञांना का वाटते? शेवाळ एका जागी चिकटलेले असते. मासा खायला आला तर पळता येत नाही, जंतू चिकटले तर झटकता येत नाहीत. म्हणून ते आपल्या अंगात तऱ्हेतऱ्हेची रसायने तयार करते. काही कडू, काही विषारी, काही जंतूंची वाढ थांबवणारी. कर्करोग म्हणजे आपल्याच पेशींची बेलगाम वाढ. पेशींची वाढ थांबवणारे रसायन कुठे मिळते का, हाच कर्करोगाच्या औषधाचा शोध असतो. आपल्या अंगणातल्या सदाफुलीत असेच रसायन सापडले. त्यापासून झालेले व्हिंक्रिस्टिन १९६३ पासून रक्ताच्या कर्करोगात मुलांना दिले जाते. जमिनीवरच्या झाडांत मिळाले, तर समुद्रात का मिळू नये?

शेवाळाची पहिली देणगी: आयोडिन

शेवाळाने कर्करोगाच्या इलाजाला आजवर जे सर्वांत मोठे दिले, ते कुठल्या कॅप्सूलमध्ये नाही. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा हे गृहस्थ बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवत होते. त्यासाठी ते शेवाळाची राख वापरत. राखेवर आम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ निघाली. ते आयोडिन होते. १८२० मध्ये जिनिव्हाच्या कॉइंदे या डॉक्टरांनी गलगंडावर ते दिले. आज आपण घरी जे आयोडिनयुक्त मीठ वापरतो त्याची कहाणी तिथून सुरू होते.

आता पुढचे ऐका. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडिन ओढून घेते. शरीरातला दुसरा कुठलाही अवयव इतके घेत नाही. मग किरणोत्सारी आयोडिन दिले तर? ते थेट थायरॉइडच्या पेशींत जाऊन बसते आणि तिथल्या कर्करोगाच्या पेशी जाळते. १९४० च्या दशकात हा इलाज सुरू झाला. थायरॉइडच्या काही प्रकारच्या कर्करोगांत शस्त्रक्रियेनंतर आजही तो दिला जातो.

तारापूरच्या वाचकांना यात एक ओळखीचा धागा दिसेल. इथले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, ते अणुऊर्जा खात्याचे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिले आणि १९६२ पासून तेही अणुऊर्जा खात्याच्याच छत्राखाली आहे. अणूचे नाव काढले की आपल्याकडे भीती वाटते, आणि ती विनाकारण नाही. पण त्याच विद्येतून तयार होणारे आयोडिन गळ्याच्या गाठीवर औषध म्हणूनही दिले जाते, हेही मुलांना सांगायला हवे.

आणि इथे भगिनींसाठी एक कामाची गोष्ट. किरणोत्सारी आयोडिन देण्याआधी काही दिवस रुग्णाला आयोडिन कमी असलेला आहार सांगतात, कारण ग्रंथी आधीच साध्या आयोडिनने भरलेली असेल तर औषधाला जागा उरत नाही. त्या पथ्यात समुद्रातली मासळी, आयोडिनयुक्त मीठ आणि शेवाळापासून झालेले सर्व पदार्थ वर्ज्य असतात. म्हणजे चायना ग्रासची वडीसुद्धा. आजारी माणसाला थंड, हलके म्हणून प्रेमाने ती भरवली जाते. थायरॉइडच्या या इलाजाच्या काळात ती भरवू नये, आणि शेवाळाच्या कॅप्सूल तर मुळीच नकोत.

स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत

शेवाळाची दुसरी देणगी एका गृहिणीमुळे मिळाली. १८८१-८२ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायची धडपड चालली होती. जिलेटिनच्या थरावर जंतू वाढवत, पण उष्णतेने जिलेटिन वितळे, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकत. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी मुरंबे आणि जेली करताना अगार वापरत. ती उन्हाळ्यातही वितळत नसे. त्यांनी नवऱ्याला तेच वापरून पाहा असे सुचवले. तेव्हापासून आजपर्यंत जगातल्या प्रत्येक रुग्णालयात जंतूंची तपासणी अगारवर होते. लघवीची किंवा थुंकीची कल्चर तपासणी आपण करून घेतो, ती चायना ग्रासच्याच भावंडावर होत असते.

कर्करोगाच्या संशोधनातही अगार रोजच्या वापरात आहे. साध्या पेशीला वाढायला काहीतरी पृष्ठभाग धरावा लागतो. कर्करोगाची पेशी मऊ अगारमध्ये अधांतरी राहूनही वाढते. म्हणून पेशी किती बिघडली आहे आणि एखादे औषध तिला रोखते का, हे पाहायला ती मऊ अगारमध्ये सोडतात. म्हणजे औषध शोधण्याच्या कामात शेवाळ कधीचे हजर आहे.

समुद्रातून आलेली खरी औषधे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समुद्रातून कर्करोगाची कोणती औषधे मिळाली?

पहिले सायटॅराबिन. १९५० च्या आसपास वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाजवळच्या समुद्रातील एका स्पंजात वेगळीच रसायने सापडली. त्यांच्या धर्तीवर प्रयोगशाळेत सायटॅराबिन बनवले गेले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. आजही ते मुलांना आणि मोठ्यांना दिले जाते.

दुसरे एरिब्युलिन. जपानमध्ये १९८६ मध्ये हिराता आणि उएमुरा यांनी एका काळ्या स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन नावाचे रसायन काढले. ६०० किलो स्पंजातून जे मुख्य रसायन हाती आले, त्याचे वजन होते साडेबारा मिलिग्रॅम. चिमूटभर मीठही त्याहून जास्त भरते. इतक्या स्पंजातून औषध काढायचे तर समुद्र रिकामा होईल. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूचा जो भाग काम करतो तो ओळखला आणि साठाहून अधिक पायऱ्यांनी प्रयोगशाळेत तयार केला. २०१० मध्ये स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. शोधापासून रुग्णापर्यंत चोवीस वर्षे.

पण स्पंज हा प्राणी आहे, शेवाळ नाही. शेवाळाच्या सर्वांत जवळ पोहोचलेले औषध तिसरे आहे. हिंदी महासागरात समुद्रससा नावाचा एक गोगलगायीच्या कुळातला प्राणी आहे. त्याच्या अंगात अमेरिकेच्या जॉर्ज पेटिट यांना डोलास्टॅटिन हे अतिशय जहाल रसायन सापडले. १९८७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. पुढे कळले की ससा ते स्वतः बनवत नाही, तो जे नीलहरित शैवाल खातो त्यात ते असते. हे शैवाल म्हणजे जंतूंच्या जवळचे, साध्या डोळ्यांना तंतूसारखे दिसणारे जीव. डोलास्टॅटिन थेट देऊन पाहिले तेव्हा ते रुग्णांना झेपले नाही. मग त्याच्या धर्तीवर बनवलेला रेणू एका प्रतिपिंडाला बांधला गेला. प्रतिपिंड कर्करोगाची पेशी शोधतो आणि विष फक्त तिच्या आत सोडतो. ब्रेंटुक्सिमॅब या नावाचे हे औषध २०११ पासून हॉजकिन लिम्फोमा या गाठींच्या कर्करोगात वापरात आहे.

या तिन्ही औषधांत एक गोष्ट सारखी आहे. समुद्राने नमुना दिला. औषध मात्र माणसाने घडवले, तोलले, तपासले आणि मगच रुग्णाला दिले. स्पंज वाळवून कुणी खाल्ला नाही, समुद्रससा दळून कुणी कॅप्सूल भरल्या नाहीत.

मग शेवाळाचे काय झाले?

कॅप्सूलच्या डब्यांवर हमखास असणारे नाव म्हणजे फुकॉयडन. तपकिरी शेवाळाचा जो बुळबुळीतपणा असतो, त्यातली ही साखरेच्या जातीची साखळी. स्वीडनच्या काइलिन यांनी ती १९१३ मध्येच वेगळी केली. काचेच्या डिशमध्ये वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर फुकॉयडन टाकले की त्यांतल्या अनेक मरतात, हे खरे आहे. उंदरांवरच्या काही प्रयोगांत गाठी लहान झाल्या, हेही खरे आहे. डबा विकणारा इथपर्यंतची हकीकत सांगतो आणि थांबतो.

पुढची हकीकत अशी. डिशमधल्या पेशी मीठ जास्त झाले तरी मरतात. औषधाची कसोटी ती नव्हे. पोटात गेल्यावर ते पचून नाहीसे होते का, रक्तात किती उतरते, गाठीपर्यंत पोहोचते का, चांगल्या पेशी वाचवते का, आणि शेवटी ते घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात का, हे पाहावे लागते. फुकॉयडनची साखळी मोठी आणि जड. प्रत्येक शेवाळात, प्रत्येक ऋतूत तिची घडण वेगळी. म्हणून एका डब्यातले आणि दुसऱ्या डब्यातले फुकॉयडन एकच आहे याचीही खात्री नसते. कर्करोग बरा करणारे औषध म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही.

दोन उदाहरणे आणखी. फिलिपीन्सच्या एका तांबड्या शेवाळातून १९९२ मध्ये हॅलोमॉन हे रसायन मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ते पुढील चाचण्यांसाठी निवडले. पण त्याच जातीचे शेवाळ दुसऱ्या जागेवरून आणले की रसायन तेवढे मिळेना, आणि ते पुढे सरकले नाही. ब्रायॉप्सिस या हिरव्या शेवाळातले कहालालाइड तर रुग्णांपर्यंत पोहोचले. माणसांवर चाचण्या झाल्या, फायदा पुरेसा दिसला नाही, काम थांबले. २०१९ मध्ये असे उघड झाले की ते रसायन शेवाळही बनवत नाही, त्याच्या आत राहणारा एक जंतू बनवतो. असे शोध अपयशी वाटतात, पण पुढचा माणूस कुठे पाहावे हे त्यातूनच शिकतो.

तेव्हा सरळ उत्तर असे: समुद्रशेवाळापासून काढलेले, कर्करोग बरा करणारे मान्य औषध आज बाजारात नाही. उद्या होऊ शकते. त्यासाठी काम चालू आहे, आणि ते चालू राहायला हवे.

"नुकसान तर नाही ना?"

त्या बाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. नुकसान होऊ शकते. फुकॉयडन रक्त पातळ करते. शस्त्रक्रियेआधी किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना ते घेणे धोक्याचे. काही तपकिरी शेवाळांत आयोडिन इतके असते की थायरॉइड बिघडू शकते. हिजिकी नावाच्या शेवाळात आर्सेनिक जास्त आढळल्यामुळे ब्रिटनच्या अन्न खात्याने ते खाऊ नये असा सल्ला दिला.

यावर कुणी म्हणेल, डबे कशाला, आपल्याच किनाऱ्यावरून आणून वाळवू. पालघर तालुक्यात राहणाऱ्यांनी हे तर अजिबात करू नये. शेवाळ स्पंजासारखे पाण्यातले सारे काही शोषते, त्यात जड धातूही आले. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीने नवापूरजवळ समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. ज्या पाण्याने मासेमाराचे जाळे रिकामे केले, त्या पाण्यातले शेवाळ आजारी माणसाला औषध म्हणून कसे देणार?

आपला समुद्र, आपली मुले

पण गोष्ट इथे संपवली तर मुलांवर अन्याय होईल. २०२१ मध्ये मुरबेच्या मच्छीमारांना एका फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि सुमारे १ कोटी ३३ लाखांना विकले गेले, ही बातमी सगळ्यांनी वाचली. एवढी किंमत मांसाची नव्हती. माशाच्या पोटातल्या पिशवीला, म्हणजे भोताला, औषधासाठी मागणी आहे म्हणून ती होती. आपल्या समुद्रात काय दडले आहे, हे आपल्याला बाहेरचा व्यापारी सांगतो. आपली मुले कधी सांगतील?

बोईसरच्या कारखान्यांत औषधांचा कच्चा माल बनतो. तिथल्या प्रयोगशाळांत आमचे माजी विद्यार्थी काम करतात. कुणी बी. फार्म. केले, कुणी रसायनशास्त्रात बी. एस्सी. एखाद्या रसाचे घटक वेगळे करणे, ते किती शुद्ध आहेत हे मोजणे, हे काम ते पाळीवर रोज करतात. शेवाळातून औषध शोधायचे तर नेमके हेच हात लागतात. भावनगरची मीठ आणि सागरी रसायने संशोधन संस्था १९५४ पासून शेवाळावर काम करते. तामिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर बचत गटांच्या बाया बांबूच्या तराफ्यांवर शेवाळाची शेती करतात. २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत केंद्राने शेवाळासाठी ६४० कोटी रुपये राखले. या वाटा खुल्या आहेत. आपल्या मुलामुलींनी, विशेषतः दहावीनंतर घरी बसवल्या जाणाऱ्या मुलींनी, त्या वाटांवर का जाऊ नये?

खडकांचीही काळजी वाटते. वाढवणला मोठे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्रात भराव पडणार आहे. रोजगार येईल असे सरकार सांगते, मासेमारी आणि खडकांवरचे जीवन जाईल असे गावकरी सांगतात. हा वाद आम्ही या लेखात सोडवू शकत नाही. पण तिथल्या शेवाळांची नोंद आणि नमुने तरी जतन व्हावेत. फिलिपीन्सच्या हॅलोमॉनने दाखवले की एका खडकावरचे रसायन दुसऱ्या खडकावर मिळेलच असे नाही.

घरात एवढे करावे

गाठ, न भरणारी जखम, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण रक्तस्राव, आवाजात टिकलेला बदल: यातले काही दिसले तर आधी निदान, मग इलाजाची चर्चा. सुईने तपासल्याने गाठ पसरते या भीतीने थांबू नये. गाठ पसरते ती वाट पाहण्याने. भगिनींनी लाजेखातर दुखणे लपवू नये, आणि घरातल्या पुरुषांनी तपासणीचा दिवस पाळी बदलून का होईना काढून द्यावा.

खर्चाची भीती खरी आहे. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आधार आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. जे पैसे डब्यांना जातात ते गाडीभाड्याला आणि परळजवळच्या मुक्कामाला ठेवावेत.

कुणी कर्करोग बरा करण्याची जाहिरात दाखवली तर त्याला सांगावे की १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने अशी जाहिरात करायला मनाई आहे. कर्करोगाचे नाव त्या कायद्याच्या यादीत आहे. आणि तरीही कुणाला शेवाळाची गोळी घ्यायचीच असेल, तर डबा घेऊन आपल्या कर्करोगतज्ज्ञाकडे जावे, लपवू नये. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवलेली गोळीच अनेकदा इलाजात अडथळा ठरते.

दुआ आपण करतोच, दवाही योग्य हातातून घ्यावी. पुढच्या ओहोटीला मुलांना खडकांवर न्या. शेवाळ तोडू नका, खाऊ नका. हिरवे कोणते, तपकिरी कोणते, तांबडे कोणते ते ओळखायला लावा, वहीत चित्र काढायला लावा. आमच्या वर्गात गेल्या थंडीत हा उपक्रम केला, तेव्हा ज्या मुलीच्या अम्मीची हकीकत वर आली आहे, तिच्या वहीत सर्वांत जास्त नोंदी होत्या. तिला मोठेपणी फार्मसी करायची आहे.